रोज करते ते

आतून तिसऱ्यांदा टेनिस ऐकू आलं तेव्हा तिला हसू आलं नाही. पहिल्यांदा ते इस्त्रीवालीच्या तोंडून आलं होतं आणि बाहेर बाकावर बसल्या बसल्या तिला हसू फुटलं होतं. दुसऱ्यांदा मशीनवाल्याच्या तोंडून आलं, तेव्हा ते हसू अर्ध्यावर राहिलं. आणि आता गठ्ठेवाला, दोन जिने चढला तरी ज्याला भिंत धरावी लागते तो गठ्ठेवाला, त्याच चालीत, त्याच जागी श्वास घेत सांगत होता, आय प्ले टेनिस ऑन संडे. दार पातळ होतं आणि ऑफिसच्या या बोळात दुपारी फारशी वर्दळ नसे, त्यामुळे शब्दन् शब्द बाहेर येत होता. तिचा नंबर चौथा आणि शेवटचा. तिच्या हातातल्या, घडीवर विरत आलेल्या कागदावरही तेच सगळं होतं. सहाला उठायचं, दात घासायचे, एक ग्लास दूध प्यायचं, चालत कामाला जायचं, रविवारी टेनिस खेळायचं. कागद कुठल्याशा शाळेच्या पुस्तकावरून उतरवलेला होता. त्यात मुळात 'स्कूल' होतं, ते खोडून सगळ्यांनी 'हॉस्पिटल' केलं. टेनिसचं काय करायचं ते कोणाला सुचलं नाही, म्हणून ते राहून गेलं. चौघांनी मिळून, हसत-खिदळत पाठ केलं. पण आत साहेबांसमोर एकापाठोपाठ एक चार माणसं उभी राहतील आणि चारही जण टेनिसच खेळत असतील, एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही. तिच्याही नाही, आणि तिला तर सगळे हुशार समजत.

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिला बावीस वर्षं झाली होती. नवरा इथेच बॉयलरवर होता. तो गेल्या साली निवृत्त झाला, पण त्याच्यापायी तिला चिकटलेलं 'वहिनी' हे नाव काही निवृत्त झालं नाही; वॉर्डबॉयपासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. आता तीन आठवड्यांनी लॉन्ड्रीचे इनचार्ज आप्पाही निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा या चौघांतून एकाला मिळायची होती. पूर्वीचे दिवस असते तर मॅट्रनबाईंनी बोट दाखवलं असतं आणि काम झालं असतं. पण आता डायरेक्टर नवे होते, लांबून आलेले, इथली भाषा न येणारे, आणि त्यांचं एकच म्हणणं होतं की ज्याला इनचार्ज व्हायचं त्यानं रोज काय काम करतो ते आपल्या तोंडानं, इंग्रजीत, पाच मिनिटं सांगावं. त्यासाठी हॉस्पिटलनं सहा आठवड्यांचा वर्गही काढून दिला होता. नाहीच कोणाला जमलं तर बाहेरून माणूस आणू, असं त्यांनी मॅट्रनबाईंकरवी कळवलं होतं. ती जागा तिला हवी होती. नुसती मिळाली तर बरं असं नाही, हवी होती, तहान लागल्यावर पाणी हवं असतं तशी, आणि हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांत तिला लॉन्ड्रीत करण्यासारखं इतकं काही दिसलं होतं. फाटलेल्या चादरी धुण्याआधी शिवायच्या, धुतल्यावर नाही; मुलांच्या वॉर्डाचं कापड वेगळं ठेवायचं; आणि मुख्य म्हणजे यातली एकेक गोष्ट दुसऱ्याला सुचली आहे असं दाखवून, गोड बोलून, चार दिवस वाट पाहून करून घ्यायची नाही. सरळ करायची. या विचारानंच तिला कधी कधी जिन्यात एकटीला हसू यायचं.

वर्ग दुपारी पाळी सुटल्यावर कँटीनमध्ये भरायचा. टेबलं पुसलेली, ओली; त्यावर वही ठेवली की पुठ्ठा चिकटायचा. शिकवायला एक निवृत्त शिक्षिका यायच्या, किरकोळ अंगाच्या, पण आवाज असा की स्वयंपाकघरातले लोकही ताठ व्हायचे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या की इंग्रजीत काळ पुष्कळ आहेत, पण सहा आठवड्यांत मी एकच शिकवणार, साधा वर्तमानकाळ. काल काय झालं ते नाही, उद्या काय होणार ते नाही, रोज जे करता तेवढंच. माणसाचं बरंचसं आयुष्य त्यात बसतं, बसतं का नाही बघा. मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, सकाळी घरात काय काय होतं? तिची पाळी आली तेव्हा ती आपल्या भाषेतच म्हणाली, चहा होतो. मग आंघोळी होतात, डबे होतात, घर आवरून होतं. टीचरनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, कोण करतं हे सगळं? ती गोंधळून म्हणाली, कोण म्हणजे, घरात होतंच की. "आपोआप होतं?" टीचरनी विचारलं, "गॅस आपला आपण पेटतो आणि चहा उडी मारून कपात येतो?" सगळा वर्ग हसला, तीही हसली, पण टीचर काही हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एक उभी रेघ ओढली, वर एक आडवी, खाली एक आडवी, आणि म्हणाल्या, इथून सुरुवात करा. हे अक्षर तोंडातून निघाल्याशिवाय पुढचं काही मिळणार नाही. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आय, ती म्हणाली. आय मेक टी.

त्या दिवशी घरी जाताना ती दोन चौक चुकीच्या रस्त्यानं गेली. एवढंसं वाक्य, त्यात काय आहे, शेंबडं पोरही म्हणेल. पण तिला आठवून आठवून सापडेना की आपण असं वाक्य आधी कधी म्हटलं होतं. लहानपणी आई विचारायची, भांडी झाली का, की हिनं म्हणायचं, झाली. लग्नानंतर सासूबाई विचारायच्या, पाणी भरून झालं का, झालं. लॉन्ड्रीत आप्पा विचारायचे, वॉर्ड नंबर चारचं निघालं का, निघालं. सगळं होत होतं, निघत होतं, भरलं जात होतं, वाळत होतं, आणि हे सगळं होत असताना ती कुठे होती ते कोणाच्याच बोलण्यात नव्हतं, तिच्या स्वतःच्याही नाही. याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं आणि आताही वाईट वाटत नव्हतं, गंमत ती हीच. उलट आतून काहीतरी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. टीचरनी आणखी एक सांगितलं होतं, की हे अक्षर वाक्याच्या मधे आलं तरी मोठंच लिहायचं. 'तू' लहान, 'तो' लहान, डायरेक्टरसाहेबसुद्धा मधे आले तर 'ही' म्हणून लहानच, पण आय मोठा. कुणी ठरवलं असेल हे, तिला वाटलं, आणि कुणाची एवढी हिंमत झाली असेल. औषधाच्या दुकानासमोर सिग्नलला थांबली असताना ती ओठातल्या ओठात म्हणाली, आय स्टँड. सिग्नल सुटला. आय वॉक. शेजारच्या माणसानं तिच्याकडे वळून पाहिलं, तर ती त्याला ओळखीचं हसली आणि तो बिचारा घाईनं पुढे गेला.

नवऱ्यावर तिनं त्याच संध्याकाळी प्रयोग केला. तो खिडकीशी पेपर वाचत बसला होता. बॉयलरच्या आवाजात पस्तीस वर्षं काढल्यामुळे तो स्वतः मोठ्यानं बोलायचा आणि दुसऱ्याचं निम्मंच ऐकायचा. तिनं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि ठासून म्हणाली, "आय कुक. यू ईट." त्यानं चष्म्यावरून पाहिलं. मग अर्थ विचारला, आणि अर्थ कळल्यावर जरा वेळानं, दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "आणि मी काय नुसता ईट?" तिनं विचार केला आणि प्रामाणिकपणे भर घातली, यू स्लीप, यू रीड पेपर. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली ती भांड्यांच्या आदळआपटीनं. स्वयंपाकघरात जाऊन पाहते तर गॅस पूर्ण मोठा, पातेल्यातून वाफेचे लोट, आणि हा डाव हातात धरून बॉयलरच्या काट्याकडे पाहावं तसा पातेल्याकडे पाहत उभा. चहा इतका कडक झाला होता की जीभ आखडली. "ते कसं म्हणायचं," त्यानं विचारलं, "आय मेक का काय ते." तिनं सांगितलं. त्यानं ते तीनदा म्हणून घेतलं, इतक्या मोठ्यानं की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दिवसा विचारलं, सकाळी भांडण झालं का. तेव्हापासून पहाटेचा चहा त्याचा झाला होता. कडक तो कडकच, पण तिला आता तोच लागत होता, आणि उठल्यावर दहा मिनिटं काही न करता बसून राहण्याचं सुख काय असतं ते तिला पन्नाशीनंतर कळलं होतं.

या एका काळाची आणखी एक करामत तिच्या हळूहळू ध्यानात आली. तिचं डोकं एरवी कधी आजच्या दिवसात नसे. चादर घडी घालताना हात इथे, आणि डोकं बारा वर्षांपूर्वीच्या नणंदेच्या बोलण्यात, नाहीतर उद्याच्या डब्यात, नाहीतर परवा गुडघे आणखी दुखले तर जिन्यांचं काय करायचं यात. इंग्रजीत यातलं काहीच करता येत नव्हतं. नणंद काय म्हणाली होती ते सांगायला शब्दच नव्हते, आणि गुडघ्यांचं पुढे काय होईल त्यालाही नव्हते. माय नीज पेन, एवढंच, आणि मग पुढचं वाक्य. इंग्रजीत तिला काळजी करताच येत नव्हती. म्हणून मग तिनं लॉन्ड्रीत सगळ्यांनाच ती सवय लावली. चादरीची घडी दोघांनी घालायची असते. दोन टोकं धरून मागे जायचं, ताणायची, झटकायची, जवळ येऊन टोकं जुळवायची. प्रत्येक वेळी जवळ आलं की एक वाक्य, ही रीत पडली. आय फोल्ड. यू फोल्ड. शी टॉक्स. ही डझन्ट वर्क, हे मशीनवाल्याकडे पाहून. इस्त्रीवालीला 'डझन्ट' इतकं आवडलं की ती आठवडाभर सगळ्यांना नाहीच म्हणत सुटली. दुपारी धुलाईच्या वाफेत, भिंतीला घाम सुटलेल्या त्या तळघरात हा नाद चालायचा आणि वरून कपडे न्यायला आलेल्या आया दारातच थांबून ऐकायच्या. इतकी मजा तिला लॉन्ड्रीत कधी आली नव्हती. बावीस वर्षं तिथे आनंद नव्हता असं नाही, पण असा उघड, हाका मारत येणारा आनंद नव्हता.

पण एक वाक्य होतं जे ती घडीवर कधी म्हणत नसे. ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे लॉन्ड्रीत येतात ते वेगळ्या गाठोड्यात, आणि मशीनमध्ये जाण्याआधी ते उलगडून एकेक तपासावे लागतात, कारण घाईत त्यात कधी कात्री राहते, कधी चिमटा, कधी सुई. सुई हाताला टोचली तर माणूस आयुष्यातून उठू शकतो. हे तपासायचं काम इनचार्जचं, नियमानंच इनचार्जचं, आणि तपासलं अशी सहीही त्याचीच. अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी आप्पांनी एक गाऊन दोनदा हाताखालून घालवला आणि पुढे सरकवला, आणि त्याच्या बाहीत तिला वीतभर कात्री दिसली. आप्पांच्या डोळ्यांसमोर होती. तिनं काही न बोलता गाऊन ओढून घेतला, कात्री काढून पाण्याच्या बादलीआड ठेवली, आणि तेव्हा आप्पा दुसरीकडेच पाहत राहिले. त्यांनाही कळलं होतं आणि तिलाही. दुसऱ्या दिवसापासून गाठोडी ती तपासू लागली. शेवटी वही पुढे करायची, सही करायची त्या जागी आपलं बोट ठेवायचं, आणि आप्पा त्या बोटाच्या कडेनं सही करायचे. यावर दोघांत एक शब्द झाला नव्हता. तपासलं का, आप्पा विचारायचे. तपासलं, ती म्हणायची. कोणी, हे त्या भाषेत सांगावंच लागत नव्हतं, आणि तेवढ्या आडोशात एक म्हातारा माणूस अडीच वर्षं मानानं उभा होता. नोकरीला लागली तेव्हा हिला मशीनची भीती वाटायची. ढोल फिरायला लागला की ही मागे सरायची. आप्पांनी हसू न आणता तिला पहिला महिनाभर नुसतं बटण दाबायला दिलं होतं. ते ती विसरली नव्हती.

म्हणून तर तो टेनिसचा कागद तिला इतका सोयीचा वाटला होता. घरी एकटी असताना ती खरं खरं सगळं म्हणून पाही, आय सॉर्ट, आय वॉश, आणि आय चेक आलं की तिथेच थांबायची. आय म्हटलं की आप्पा उघडे पडले. ही चेक्स म्हटलं की वाक्य बिनचूक, पण खोटं. त्यापेक्षा दूध प्यावं, टेनिस खेळावं, कोणाचं काही बिघडत नाही. तीन आठवडे काढायचे, आप्पांना हार घालून, हात धरून घरी पोचवायचं, मग पुढचं पुढे. असं तिनं ठरवलं होतं, आणि ते ठरलेलं तिसऱ्या टेनिसनं मोडून टाकलं.

दार उघडून गठ्ठेवाला बाहेर आला तो घामानं न्हालेला. बाकावर बसून त्यानं आधी दम खाल्ला. मग सांगितलं की साहेबांनी शेवटी विचारलं, तुम्ही सगळेच टेनिस खेळता का, तर मी म्हटलं येस. कुठे खेळता, तर मी म्हटलं होम. इस्त्रीवालीनं कपाळाला हात लावला. मॅट्रनबाई खिडकीबाहेर बघत होत्या, तो म्हणाला, आणि साहेबांनी वही मिटली आणि मॅट्रनबाईंना काहीतरी सांगितलं, त्यात 'आउटसाइड' हा शब्द दोनदा आला. मग तो तिच्याकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी दुसरं काहीतरी खेळा." तिनं कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, घालता येईना इतकी लहान झाल्यावर ती गठ्ठेवाल्याच्या हातात दिली आणि आत गेली.

खोली लहान होती. टेबलामागे डायरेक्टर, वयानं तिच्या मुलासारखे, बाह्या दुमडलेले, दमलेले. शेजारी मॅट्रनबाई. आणि कोपऱ्यात, जुने इनचार्ज म्हणून रिवाजानं बोलावलेले आप्पा, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड साधारण तिच्या दिशेला. ते असणार हे तिला माहीत होतं, पण असे इतके जवळ, धुतलेल्या शर्टात, फोटोला बसल्यासारखे असतील असं वाटलं नव्हतं. वर्गालाही ते रोज येऊन मागे बसायचे, लॉन्ड्रीची माणसं सांभाळायला म्हणून, आणि दहा मिनिटांत त्यांची मान छातीवर पडायची. साहेबांनी मिटलेल्या वहीवर हात ठेवून तिला सुरुवात करायला सांगितलं. तिनं तोंड उघडलं आणि सवयीनं जे यायचं तेच आलं, आय गेट अप ॲट सिक्स. साहेबांचे डोळे हळूच मिटले. ते पाहून तिला आतून असा राग आला, आणि रागामागून इतकी मोठी उमेद आली, की ती थांबलीच. "नो," ती म्हणाली. "आय गेट अप ॲट क्वार्टर टू फाइव्ह. माय हजबंड मेक्स टी. टी इज बॅड. आय ड्रिंक." साहेबांनी डोळे उघडले. "आय डोन्ट प्ले टेनिस," ती म्हणाली.

मग मात्र तिला थांबावं असं वाटेना. वाक्यं एकामागून एक येऊन उभी राहत होती, प्रत्येकाच्या तोंडाशी तीच ती उभी रेघ, आणि ती नुसती त्यांना पुढे सोडत होती. रक्ताचा कपडा ती थंड पाण्यात घालते. गरम पाणी, रक्त राहतं. थंड पाणी, रक्त जातं. पांढरं वेगळं करते, हिरवं वेगळं करते. फाटलेलं शिवते, पण धुतल्यावर शिवते, आणि ते चूक आहे, आधी शिवायला हवं, हे सांगताना शब्द सापडेना तेव्हा तिनं हातानं फाडून दाखवलं, मशीन फिरवून दाखवलं, आणि आणखी मोठं फाडून दाखवलं, आणि साहेब हसायचं विसरून पुढे झुकले. थंडीच्या दिवसांत मुलांच्या वॉर्डाच्या चादरी ती गरम पाण्याच्या पाइपवर टाकून ठेवते आणि शेवटच्या क्षणी वर पाठवते. व्हाय, साहेबांनी विचारलं. "कोल्ड बेड, चिल्ड्रन क्राय," ती म्हणाली. "वॉर्म बेड, चिल्ड्रन स्लीप." मॅट्रनबाई आता खिडकीबाहेर बघत नव्हत्या. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता आणि तो आवडत होता. रोज करते ते सगळं असं एका रांगेत उभं केल्यावर केवढं मोठं दिसत होतं, आणि ते कोणावर उपकार म्हणून नव्हतं, तक्रार म्हणून नव्हतं, नुसतं होतं तसं होतं. हिरव्या गाठोड्यांपाशी ती आली, आणि एक पायरी गाळून उतरावं तशी त्यांच्यावरून पुढे गेली. आय फोल्ड, ती म्हणाली, आय सेंड.

पण साहेब नीट ऐकत होते, हीच पंचाईत झाली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि विचारलं, थिएटरच्या कपड्यांचं काय, मशीनआधी ते तपासतात ना? कोण तपासतं? हे एवढं इंग्रजी तिला सगळं समजलं, समजलं नसतं तर किती बरं झालं असतं. आपल्या भाषेत असती तर ती पटकन म्हणाली असती, तपासलं जातं साहेब, आणि मोकळी झाली असती. "ही साइन्स," ती म्हणाली, आप्पांकडे न पाहता. हे खरं होतं. साहेब म्हणाले, सही ठीक आहे, पण "हू चेक्स?" तिच्या पायांखाली फरशी होती, फरशीवर कोणीतरी सांडलेल्या शाईचा जुना डाग होता, आणि तिला ही जागा हवी होती, आत्ता, याच घटकेला आधी कधी नव्हती तेवढी हवी होती. फक्त एक वाक्य, दोन शब्दांचं. साहेब वाट पाहत राहिले. आता जागा गेली, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं, आणि वाटूनही तिनं तोंड उघडलं नाही.

"शी चेक्स," कोपऱ्यातून आवाज आला.

आप्पा उठून उभे राहिले होते. साहेब नेमके कुठे आहेत याचा अंदाज थोडा चुकला होता, त्यामुळे ते टेबलावरच्या पाण्याच्या जगकडे तोंड करून बोलत होते, पण आवाज खणखणीत होता. "शी चेक्स, सर. एव्हरी डे. आय डोन्ट सी." मग एवढ्यानं समाधान न होऊन त्यांनी दोन बोटं आपल्या डोळ्यांपाशी नेली आणि पुन्हा म्हणाले, "आय साइन. आय डोन्ट सी." कानामागे एक घामाची रेघ होती, तरी चेहऱ्यावर सहा आठवडे मागच्या बाकावर झोपेचं सोंग घेऊन शिकलेल्या माणसाचा धडधडीत अभिमान होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब मॅट्रनबाईंकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून उघडच दिसत होतं की आता चौकशी, कागद, जबाब सगळं येणार. मॅट्रनबाईंनी आपले हात टेबलावर एकावर एक ठेवले. "एव्हरीबडी नोज," त्या शांतपणे म्हणाल्या. थिएटरच्या नर्सेसना माहीत आहे, त्यांनी पुढे सांगितलं, सर्जनना माहीत आहे, कात्री हरवली की सगळे वहिनीलाच फोन करतात, आणि अडीच वर्षांत कोणाच्या बोटाला एक सुई लागलेली नाही. ती उभीच्या उभी थिजली. अडीच वर्षं ती जे झाकून वागवत होती ते वरच्या चारही मजल्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते झाकलं होतं, तिच्यापासूनसुद्धा. हसावं का रडावं ते कळेना, आणि मग हसूच आलं, थांबवता न येणारं, डोळे पुसता पुसता येणारं.

साहेबांनी आपलं पेन उचललं. मग त्यांनी ते आप्पांच्या दिशेनं केलं, पण विचारलं तिला. "अँड ही?" यांचं काय करायचं? नियम म्हणजे नियम, हे त्या दोन शब्दांत होतं, आणि तीन आठवडे, आणि हार, आणि शेवटच्या पगाराबरोबर मिळणारा मान, सगळं होतं. तिनं हसू गिळलं. कोणी सुचवण्याची, गोड बोलण्याची, चार दिवस थांबण्याची वेळ नव्हती.

"आय चेक," ती म्हणाली. "आय साइन. ही सिट्स. ही ड्रिंक्स टी. थ्री वीक्स."

"अँड आफ्टर थ्री वीक्स?" साहेबांनी विचारलं.

पुढचा काळ तिला शिकवलेला नव्हता. लॉन्ड्रीत खुर्ची एकच होती, इनचार्जची, दाराशेजारी, जिथून चारही मशीन दिसतात. तिनं आप्पांकडे पाहिलं. ते पाण्याच्या जगकडे तोंड करून, मान थोडी तिरकी करून, ती काय म्हणते ते ऐकायला थांबले होते.

"आफ्टर थ्री वीक्स, ही गोज होम," ती म्हणाली. "आय सिट."

आधी आप्पा हसले, मोठ्यानं, खांदे हलवत. मग मॅट्रनबाई. साहेबांनी मिटलेली वही पुन्हा उघडली, "यू सिट," असं स्वतःशीच म्हणाले, आणि लिहून घेतलं.